औटकी आठवते, गोळी आठवत नाही

माझी आई ८४ वर्षांची आहे. परवा गवार मोडता मोडता पाढ्यांचा विषय निघाला आणि तिला औटकी आठवली. औट म्हणजे साडेतीन, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. परकर-पोलक्याच्या वयात, दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा म्हणायचा, त्यात ती असायची. ‘औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस’ अशी गाडी सुटली ती थेट पस्तीसवर जाऊन थांबली. तोवर गवारीवरचा हात काही थांबला नाही. दहा मिनिटांनी तिनं मला विचारलं, “अगं, सकाळची बीपीची गोळी घेतली का गं मी?”

असा एक तरी माणूस बहुतेक घरांत सापडतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं आणि चार तासांपूर्वीचं गायब. स्मरणशक्ती म्हणजे वही असती तर जुनी पानं आधी पुसट झाली असती. कॅमेरा असता तर औटकी आणि गोळी दोन्ही सारखंच टिकलं असतं. मेंदूतलं काम या दोन्हींपेक्षा निराळं चालतं. विचार करता करता मला त्याच्या उपमा सापडल्या त्या आईच्याच स्वयंपाकघरात.

मुळात आत गेलं होतं का?

‘विसरलो’ असं आपण म्हणतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपण लक्षात ठेवलेल्याच नसतात. खात्री करून घ्यायची असेल तर पाकिटाला हात न लावता सांगा: २० रुपयांच्या पोपटी नोटेच्या मागच्या बाजूला कशाचं चित्र आहे? तिथं आपल्या वेरूळची लेणी आहेत. नोट शेकडो वेळा हातातून गेली, डोळ्यांनी ती पाहिलीही; पण भाजीवाल्याला द्यायला ‘वीसची आहे’ एवढं कळणं पुरेसं होतं, म्हणून मेंदूनं तेवढंच घेतलं. डोळ्यांसमोरून गेलेलं सगळं आत जात नाही. ज्याच्याकडे लक्ष गेलं, ज्याला काही अर्थ लावला गेला, ते जातं.

गोळीचंही तसंच. तीच पांढरी गोळी, तोच पेला, तीच खिडकीजवळची खुर्ची. हात आपोआप काम करतात आणि मन ‘कामवाली अजून कशी आली नाही’ यात गुंतलेलं असतं. शिवाय जी थोडी नोंद होते तीही एकावर एक ठेवलेल्या तीनशे सारख्या सकाळींत मिसळून जाते. गोळी घेतल्याचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर येतं, पण ते आजचं की कालचं हे सांगता येत नाही. गेल्या महिन्यात एकदा पेला हातातून निसटून पाणी साडीवर सांडलं. त्या दिवशी गोळी घेतली होती का, हे मात्र तिला अजून पक्कं ठाऊक आहे.

ओट्यावरची जागा

आत आलेली गोष्ट आधी थोडा वेळ मनाच्या ओट्यावर राहते. कुणी फोन नंबर सांगितला आणि आपण तो डायल करेपर्यंत पुटपुटत राहिलो, तर तो या ओट्यावर असतो. मध्येच कुणी ‘दूध उतू जातंय’ म्हणून ओरडलं की खलास. मानसशास्त्रज्ञ याला कार्यकारी स्मृती म्हणतात.

हा ओटा फारच लहान असतो. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये त्याचा अंदाज सात, दोन कमी किंवा दोन जास्त, असा बांधला होता. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं की पुटपुटण्यासारख्या युक्त्या बंद केल्या तर जागा जेमतेम चार वस्तूंची उरते. गंमत अशी की वस्तू केवढी असावी यावर मात्र बंधन नाही. सात रंगांची नावं सुटी ठेवायची तर ओटा भरून जातो. ‘तानापिहिनिपाजा’ केलं की ते एकच डबा होतात. आधार कार्डावरचे बारा आकडे चार-चारच्या तीन गटांत छापतात तेही याचसाठी. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला आपला पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं, संस्कृत कवी आणि टपाल खात्यातल्या अधिकाऱ्यानं, आखला. तो सहा आकड्यांचा आहे, पण ४११ म्हणजे पुणे हे एकदा बसलं की पुणेकराला लक्षात ठेवायचे राहतात शेवटचे तीनच.

हे गठ्ठे बांधणं किती ताणता येतं? १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एका सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यानं सुमारे २३० तासांच्या सरावानंतर, एकदाच ऐकलेले ७९ आकडे ओळीनं म्हणून दाखवले. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. आकड्यांच्या तो शर्यतींच्या वेळा करायचा. त्यानंतर त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर स्वारी पुन्हा सहावर. ओटा काही मोठा झाला नव्हता.

विरजण

ओट्यावरची गोष्ट कायमची व्हायची तर तिला लागावं लागतं, दही लागतं तसं. कोमट दुधात विरजण घालून पातेलं झाकून कोपऱ्यात ठेवतात आणि कुणी त्याला धक्का लावू नये म्हणून बजावतात. रात्रभरात दही लागतं. मधेच ढवळलं तर मोडतं. आठवणीचं अगदी असं असतं हे कळलं, ते एका माणसाच्या आयुष्याची किंमत देऊन.

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या हेन्री मोलेसनला लहानपणापासून फिट्स येत. कुठलंच औषध लागू पडेना. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्डमधले शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, साधारण कानांच्या पातळीवर खोल आत असलेला भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा होता. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी त्याला ते ग्रीक नाव दिलेलं. फिट्स बऱ्याच कमी झाल्या. हेन्रीची बुद्धी शाबूत होती, बोलणं सभ्य होतं, लहानपणच्या आठवणी होत्या. पण त्यानंतर आयुष्यभर एकही नवा प्रसंग त्याच्यात टिकला नाही.

माँट्रियलच्या ब्रेंडा मिलनर त्याला तपासायला वर्षानुवर्षं येत राहिल्या. प्रत्येक भेटीत त्या त्याला नव्यानं भेटत. एकदा त्यांनी त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनंतर त्यानं तो बरोबर सांगितला. कसा ठेवलास, तर म्हणाला, सोपं आहे: आठ धरायचा, पाच-आठ-चारची बेरीज सतरा, त्यातून आठ गेले की नऊ, नऊचे दोन भाग पाच आणि चार, झाले ५८४. एवढी कसरत करून त्यानं तो पंधरा मिनिटं ओट्यावर तरंगत ठेवला होता. मिनिटाभरानं लक्ष दुसरीकडे गेलं आणि आकडा गेलाच, पण आपल्याला एखादा आकडा दिला होता हेही गेलं.

त्याचा ओटा ठीक होता. जुनं लागलेलं दही जागेवर होतं. गेलं होतं ते विरजण. हिप्पोकॅम्पस हे आठवणींचं कोठार असतं तर त्याचं बालपणही गेलं असतं. तो नव्या अनुभवाचे विखुरलेले तुकडे, म्हणजे दिसलेलं, ऐकलेलं, वास, जागा, भीती, एकत्र धरून ठेवतो आणि हळूहळू मेंदूच्या वरच्या थरात त्यांची घट्ट वीण बसेपर्यंत सांभाळतो. या लागण्याला तास, दिवस, कधी वर्षं लागतात. अपघातात डोक्याला मार बसलेल्या माणसाला नेमकी आधीची काही मिनिटं आठवत नाहीत, कारण तेवढं दूध अजून पातळच होतं.

मिलनर यांनी आणखी एक गोष्ट केली. हेन्रीला एका चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली, पण हात आणि कागद फक्त आरशात पाहून. हे कुणालाही आधी जमत नाही. तीन दिवसांत तो त्यात तरबेज झाला. तिसऱ्या दिवशीही हे काम आपण आधी केलंय हे त्याला मान्य नव्हतं. उलट वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं म्हणून तोच चकित झाला. हातांची स्मृती वेगळ्या खात्यात असते, तिला समुद्रघोड्याची गरज पडत नाही. सायकल, पोहणं, भाकरी थापणं, आईचं गवार मोडणं, सगळं त्या खात्यातलं.

हेन्री २००८ मध्ये ८२ व्या वर्षी वारला. त्याच्या मेंदूचे पुढे सॅन दिएगोत २,४०१ पातळ काप करून जतन केले गेले. विसाव्या शतकात स्मृतीबद्दल जे कळलं त्यातला फार मोठा वाटा या एका माणसाचा आहे, आणि आपण कुणाच्या उपयोगी पडलो हे त्याला प्रत्येक वेळी नव्यानं सांगावं लागत होतं.

झोपेचा या विरजणाशी जवळचा संबंध आहे. १९९४ मध्ये शास्त्रज्ञांना उंदरांच्या मेंदूत दिसलं की दिवसा फिरताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्याच झोपेत पुन्हा एकत्र चेतवल्या जातात. दिवसाची उजळणी म्हणा ना. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा मुलगा दूध भरपूर आणतो आणि पातेलं रात्रभर ढवळत बसतो.

गवतातली पायवाट

पण ‘लागतं’ म्हणजे नेमकं काय होतं? मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येकीचे हजारो इतर पेशींशी जोड असतात. एक पेशी दुसरीला वारंवार जागं करू लागली की त्यांच्यातला जोड सुधारतो, पुढच्या वेळी थोड्या इशाऱ्यावर काम होतं. माळावरच्या गवतातून लोक एकाच रेषेत चालू लागले की पायवाट पडते, तसं. ओस्लोत ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हा बदल तासन्‌तास टिकलेला मोजला. एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगाईवर काम करून त्याचे दोन टप्पे वेगळे केले: थोड्या वेळच्या आठवणीसाठी असलेलेच जोड तेवढ्यापुरते बळकट होतात, टिकाऊ आठवणीसाठी पेशी नवी प्रथिनं बनवते आणि नवे जोड अक्षरशः उगवतात. यासाठी त्यांना २००० सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे हा लेख उद्या तुम्हाला आठवला, तर तुमच्या डोक्यात सूक्ष्म का होईना, बांधकाम झालेलं असेल.

पायवाटेवरून जाणं थांबलं की गवत माजतं. ते किती वेगानं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच मोजून १८८५ मध्ये छापलं. अर्थ चिकटू नये म्हणून त्यानं निरर्थक अक्षरगट तयार केले, सुमारे २,३००, आणि ते घोकून पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते नोंदलं. तासाभरात निम्म्याहून जास्त कमाई गेलेली होती. एका दिवसानंतर एक तृतीयांशच्या आसपास उरली. पण महिन्यानंतरही पाचवा हिस्सा होताच. विसरण्याची उतरण सुरुवातीला कडा आणि मग सपाट असते. कड्यावरच पुन्हा एकदा चाललं, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, तर ती उतरण दर वेळी सौम्य होत जाते. रोज संध्याकाळच्या परवच्यानं नेमकं हेच केलं. आईची औटकी बालपणी पाच-सहा वर्षं रोज तुडवली गेली, तिथं आता गवत उगवायला जागाच नाही. घोकंपट्टीला नावं ठेवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पाढ्यांपुरती ती मी मागे घेते.

┌─────────────
चौकट : परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

रॉडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचून नंतर तीन वेळा पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पिवळ्या पेननं ओळी रंगवण्याआधी पुस्तक मिटा. अडखळायला होणं हाच अभ्यास आहे.
└─────────────

जिभेवर आहे, पण...

पायवाट असली तरी तिचं तोंड सापडायला हवं. ओळखीचा चेहरा समोर येतो, तो आपल्या कॉलनीत राहायचा हे आठवतं, त्याच्या स्कूटरचा रंग आठवतो, नाव मात्र जिभेवर येऊन अडतं. हार्वर्डमध्ये १९६६ मध्ये ब्राऊन आणि मॅकनील यांनी अशा अडलेल्या लोकांना विचारून पाहिलं, तर अर्ध्याहून अधिक वेळा त्यांनी शब्दाचं पहिलं अक्षर बरोबर सांगितलं. शब्द हरवलेला नव्हताच.

नावंच जास्त का अडतात? १९८७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात असं दिसलं की तोच शब्द आडनाव म्हणून सांगितला तर विसरतो आणि व्यवसाय म्हणून सांगितला तर राहतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ‘हा माणूस सुतार आहे’ म्हटलं की रंधा, भुसा, करवतीचा आवाज, आपल्या घरच्या दाराचं काम असे दहा धागे त्याला बांधले जातात. ‘याचं आडनाव सुतार’ म्हटलं तर तो बँकेत कॅशियरही असू शकतो. धागा एकच, तोही निसरडा.

धागा कुठला हेही महत्त्वाचं. ‘सतरा सत्ते?’ असं अचानक विचारलं की कितीतरी माणसं मनात सतरा एके सतरापासून सुरू करतात. पाढा साखळीनं पाठ केलेला असतो, प्रत्येक कडी पुढच्या कडीला ओढून आणते, मधूनच हात घातला तर काही लागत नाही. स्वयंपाकघरात कशाला आलो हे आठवेना म्हणून हॉलमध्ये परत गेलो की दारात पाऊल ठेवताच आठवतं, तेही याच कारणानं. तो विचार आला त्या जागेचे धागे त्याला बांधलेले असतात.

लोणच्याची बरणी

इथवरच्या गोष्टी बहुतेकांना मनोमन पटतात. पुढची पटत नाही, कारण ती आपल्या खात्रीवरच घाव घालते.

आठवण काढताना आपण ती जशीच्या तशी बाहेर काढत नाही. तुकडे जमवून नव्यानं रचतो, आणि मधल्या फटी सध्याच्या समजुतीनं भरतो. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नासांना विचारलं, गाड्या आदळून ‘चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता? उरलेल्या पन्नासांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्यानं सगळ्यांना एकच प्रश्न: फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. ‘धडकल्या’वाल्यांपैकी ७ जणांना ती दिसलेली होती, ‘चक्काचूर’वाल्यांपैकी १६ जणांना. एका क्रियापदानं काचा फोडल्या. पोलीस चौकीत ‘तो लाल शर्टवाला पळताना पाहिलास ना?’ असं विचारणाऱ्यानं हे वाचायला हवं.

२००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर याची जैविक बाजू दाखवली. भीतीची पक्की झालेली आठवण उंदराला पुन्हा करून दिली आणि त्याच वेळी नवी प्रथिनं बनणं रोखणारं औषध मेंदूत दिलं, तर आठवण मोडली. आठवण न करून देता नुसतं औषध दिलं, तर तिला काही झालं नाही. म्हणजे आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते आणि परत पक्की करावी लागते. लोणच्याची बरणी उघडल्याशिवाय कैरीची फोड मिळत नाही, पण दर वेळी चमचा आत जातो आणि चमच्याला जे लागलेलं असेल ते बरणीत राहतं. लग्नातला फजितीचा किस्सा वीस वर्षं सांगून सांगून आज जसा झालाय, तो पहिल्या वर्षी तसा नव्हता. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याची बरणीच आता तशी आहे.

आपल्या पूर्वजांना हा धोका नीट ठाऊक असावा असं वेदपठणाची पद्धत पाहून वाटतं. घनपाठात शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन असे सुलट-उलट म्हणतात. फट भरायला मनाला अर्थाचा आधारच मिळत नाही. एक शब्द सरकला तर पुढच्याच फेरीत अडखळायला होतं. याच्या अगदी उलट जात्यावरच्या ओव्या: चाल आणि साचा पक्का, शब्द मात्र गावागणिक, बाईगणिक बदललेले. तिथं बदल चालत होता, किंबहुना हवा होता.

सात कप्प्यांची डबी

वय वाढतं तसा हिप्पोकॅम्पस थोडा थोडा आकसतो. विरजण मंद लागतं. जुनं घट्ट लागलेलं दही मात्र जागेवर असतं, त्यातही दहा ते तीस वर्षांच्या दरम्यानचं सर्वांत जास्त, हे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करणाऱ्या अनेक संशोधकांना दिसलं आहे. म्हणून गोळी आणि औटकी यांत विरोध नाहीच. एकीला ना लक्ष मिळालं ना वेगळेपण, विरजणही अपुरं. दुसरीला सगळं मिळालं.

आईसाठी मी वारांची नावं असलेली सात कप्प्यांची डबी आणली. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. डोक्यात शोधायचं कामच उरलं नाही. गोळी, चावी, चष्मा विसरणं एवढ्यानं घाबरू नका. नेहमीच्या रस्त्यावर चुकायला होऊ लागलं, रोजचा स्वयंपाक जमेनासा झाला किंवा घरची माणसं ओळखू येईनात, तर ‘वय झालं’ म्हणून न सोडता डॉक्टरांना दाखवा.

आणि घरात कुणाला पावकी, निमकी, दिडकी, औटकी येत असेल तर मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करून ठेवा. म्हणत असताना मध्ये टोकू नका, नाहीतर त्यांना पुन्हा औटपासून सुरू करावं लागेल.